चाचणी सुरू आहे

ओरिनबेकने बोट विकली तेव्हा बाल्काश सरोवरावरचा बर्फ अजून फुटलाही नव्हता. घेणाऱ्याने आवारातच इंजिन सुरू करून पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि बोट गाडीमागे जोडून घेऊन गेला. कुल्याश तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून सगळं बघत होती. नवरा जिना चढून वर आल्यावर ती म्हणाली, "झालं? म्हणजे आता उन्हाळाभर मासे बाजारातून आणायचे. जन्म काढला सरोवराकाठी आणि मासा विकत!"

"कॉम्प्युटर येऊ दे, मग बघ," ओरिनबेक म्हणाला.

"कॉम्प्युटरला गळ लावता येतो का?"

ओरिनबेकने बोटीचे पैसे कपाटात ठेवले. त्याला काय हवंय ते तिलाही माहीत होतं. उमेदीची सगळी वर्षं त्याने दुहेरी पंखांचं जुनं अन्तोनोव्ह विमान चालवलं होतं. कुठे मेंढपाळाच्या वाड्यावर बाई अडली, कुठे कुणाला साप चावला, की डॉक्टरला घेऊन ओरिनबेक निघायचा आणि गवतावर, मिठाच्या सपाटीवर, जिथे जागा मिळेल तिथे उतरायचा. मग एका वर्षीच्या तपासणीत डॉक्टरांच्या मंडळाला त्याच्या हृदयात काहीतरी ऐकू आलं. त्यांनी परत परत ऐकलं, आपसात कुजबुजले आणि त्याला जमिनीवर बसवलं. पुढची काही वर्षं तो विमानतळाच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या विमानांशी रेडिओवर बोलत राहिला. आता तर पेन्शनवर होता.

गेल्या हिवाळ्यात तो अस्तानाला मुलीकडे गेला असताना जावई दारखानने त्याला आपल्या लॅपटॉपवर विमान उडवायचा खेळ दाखवला. खेळ कसला, खरोखरीची धावपट्टी, खरोखरीचे ढग. ओरिनबेकने हसत हसत लॅपटॉप पुढ्यात घेतला. विमान उचललं आणि त्याचे पाय टेबलाखाली आपोआप पेडल शोधायला लागले. मग पडदा अडखळला, चित्र गोठलं, पुन्हा हललं, पुन्हा गोठलं.

"लॅपटॉपला झेपत नाही, पापा," दारखान म्हणाला. "याला तगडं मशीन लागतं. अल्मातीत एक मुलगी ऑर्डरप्रमाणे जोडून देते."

त्या संध्याकाळी ओरिनबेकने जेवणात लक्षच दिलं नाही. घरी परतल्यावर त्याने बोटीची जाहिरात दिली.

अल्मातीच्या त्या दुकानाची मालकीण दिल्नारा नावाची एक उईघुर मुलगी होती. पहिल्याच फोनवर तिने त्याला खोदून खोदून विचारलं. काय उडवणार? किती पडदे? किती वेळ सलग बसणार? ओरिनबेक म्हणाला, "पोरी, मला क्षितिजापर्यंत गवताळ स्तेप दिसली पाहिजे. मध्येच अडखळायला नको. बाकी तुला कळतं."

"मग वेळ लागेल, अगा," थोरल्या भावाला म्हणतात तसं ती म्हणाली. "काही भाग बाहेरून मागवावे लागतील."

"लागू दे," तो ऐटीत म्हणाला.

दुकानाच्या वेबसाइटवर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या ऑर्डरचं पान होतं. वरून खाली चार ओळी: भाग जमवणे, जोडणी, चाचणी, रवाना. जे काम पूर्ण होईल ती ओळ हिरवी व्हायची. सुरुवातीला ओरिनबेक हे पान सकाळच्या चहाबरोबर बघायचा. मग दुपारच्या चहाबरोबरही. मे महिना निम्मा सरला तरी पहिली ओळसुद्धा हिरवी होईना, तेव्हा तो जिन्यात, बाजारात, न्हाव्याच्या खुर्चीत बसून बघायला लागला.

हात मोकळे ठेवणं त्याला जमेना. त्याने काचबंद बाल्कनी रिकामी करायला घेतली. कुल्याशच्या लोणच्याच्या बरण्या पलंगाखाली गेल्या, बटाट्याचं पोतं जिन्यात गेलं. विमानतळामागच्या भंगारातून त्याने एका जुन्या विमानाची खुर्ची मिळवली, पाठीवर टाकून घरी आणली, तिचं चामडं शिवलं. मागवलेली पेडलं आणि विमान वळवायचा दांडा आधीच येऊन पडले होते. ते त्याने फळीवर ठोकून बसवले. तिन्ही पडदे भिंतीवर लावले. आता बाल्कनीत विमानाची अख्खी केबिन उभी होती आणि टेबलाखाली जिथे मशीन बसायचं तिथे नुसती धूळ होती. ओरिनबेक काळ्या पडद्यांसमोर जाऊन बसायचा, पेडलं दाबून बघायचा आणि उठायचा.

"कॅप्टनसाहेब, आज कुठवर गेलात?" कुल्याश आतून विचारायची.

"तू तुझं काम कर."

"मी माझंच करत होते. तुम्ही बटाटे जिन्यात ठेवल्यापासून शेजारीण माझ्याशी बोलत नाही."

जूनमध्ये सरोवर निळंशार झालं. ओळखीपाळखीचे सगळे बोटी घेऊन पाण्यात गेले. खालच्या बाकावर संध्याकाळी माशांच्या गोष्टी रंगायच्या आणि ओरिनबेक आला की कुणीतरी नावाला आदराचा 'के' लावून हमखास विचारायचं, "काय ओरेके, आलं का तुमचं विमान?" त्याने बाकाकडे जाणंच सोडलं. हा पहिलाच उन्हाळा असा की त्याला ना पाणी होतं ना आकाश.

एकदाची जोडणीची ओळ हिरवी झाली. दिल्नाराने फोटो पाठवले: काळी पेटी, काचेची बाजू, आत नीटनेटक्या वायरी. ओरिनबेकने ते फोटो मांस कापणाऱ्या दुकानदारालासुद्धा दाखवले. दुसऱ्या दिवशी पुढची ओळ बदलली. चाचणी सुरू आहे. आणि तिथेच अडून बसली.

"चाचणी म्हणजे कशाची चाचणी?" त्याने फोनवर विचारलं.

"ताण देऊन बघतेय, अगा. एक शंका आहे मनात."

"कसली शंका?"

"ती कळली असती तर शंका राहिली असती का? थोडं थांबा."

तो थांबला. म्हणजे थांबण्याशिवाय त्याच्या हातात काही नव्हतं म्हणून थांबला. पण घर त्याला पुरेनासं झालं. स्वयंपाकघरातून बाल्कनीत, बाल्कनीतून दारापर्यंत, दारातून परत. औषधाच्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला पोरगी जरा रेंगाळली तर तिच्यावर डाफरला. मुलगी मेरुएर्तने फोनवर समजावलं, "पापा, दुसरं एखादं तयार मशीन घ्या ना, दुकानात ढिगाने आहेत," तर तिच्यावर इतका ओरडला की तिने फोन ठेवून दिला.

कुल्याश तेव्हा कणीक मळत होती. तिने हात पुसले, आली आणि त्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला.

"दे इकडे," ओरिनबेक म्हणाला.

"नाही देत. लेकीवर ओरडलास? एका खोक्यापायी?"

"तुला नाही कळायचं. रोज उठून बघायचं, रोज तेच. चाचणी सुरू आहे, चाचणी सुरू आहे! माणसाने काय करायचं? डोकं फुटेल."

कुल्याशने मोबाइल ॲप्रनच्या खिशात टाकला.

"मला नाही कळायचं?" ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता आणि तेच जास्त वाईट होतं. "तू सकाळी जायचास आणि वारा सुटायचा. वाळू इतकी उडायची की समोरची इमारत दिसायची नाही. माझ्याकडे होतं का असं पान? ओरिनबेक पोचला, ओरिनबेक उतरला, ओरिनबेक रवाना? एकदा तू दोन रात्री आला नाहीस. मेरुएर्त अंगावर पीत होती. विमानतळावर फोन केला तर म्हणाले, वहिनी, बातमी नाही, म्हणजे चांगलीच असणार. तिसऱ्या दिवशी तू आलास, दाढी वाढलेली, हातात मेंढीचं मांस, आणि म्हणालास, चिखलात चाक रुतलं होतं, भूक लागलीय. मी तुला वाढलं. ओरडले का मी कुणावर?"

ओरिनबेकला ते आठवत होतं. चाक, चिखल, मांस, सगळं. तिला काय वाटलं असेल हे आठवायला मात्र त्याच्याकडे काही नव्हतं, कारण त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्या काळात दुसरे वाट बघायचे. साप चावलेला माणूस, अडलेली बाई, घरी बायको. तो तर कायम निघालेला असायचा.

त्याला काहीतरी बोलायचं होतं. बोलला भलतंच. "मी उद्या अल्मातीला जातो. स्वतः जाऊन बघतो काय चाललंय ते."

कुल्याश पुन्हा कणकेकडे वळली. "जा. घरातली हवा तरी हलेल."

सकाळी ती कणकेचे गोळे, बाउर्साक, तळून डब्यात भरून देऊन मोकळी झाली. मोबाइलही परत दिला, पण चार्ज संपलेला. दारापर्यंत आली नाही.

आगगाडी स्तेपमधून निघाली आणि डब्यात मोबाइल चार्ज होऊन सुरू होईस्तोवर रेंज गेली. ओरिनबेक दर थोड्या वेळाने तो खिडकीपाशी उंच धरून बघायचा. डब्यात उकाडा होता. समोरच्या बाकावरच्या म्हातारीने विचारलं, "पोराच्या फोनची वाट बघतोयस का, बाळा?"

"नाही, आजी. कॉम्प्युटरची."

म्हातारीने जरा विचार केला. "तो फोन करतो?"

वाटेतल्या शू गावच्या स्टेशनात रेंज आली आणि मोबाइल हातातच थरथरला. ओरिनबेकने पान उघडलं. चारही ओळी हिरव्या होत्या. रवाना. आदल्या संध्याकाळीच.

तो बॅग घेऊन दाराशी धावला. डब्याची व्यवस्था बघणारी धिप्पाड बाई फलाटावर सिगारेट ओढत उभी होती. त्याने तिला सगळं एका दमात सांगितलं. मशीन तिकडे निघालंय आणि मी इकडे, मला इथेच उतरायचंय, उलटी गाडी केव्हा आहे?

"अगा," ती म्हणाली, "उलटी गाडी आपण ज्या गावाला चाललोय तिथूनच सुटते. इथे उतरून फलाटावर भाजून घेण्यापेक्षा अल्मातीला जा, हातपाय धुवा, माणसासारखे परत या. चढा वर."

ओरिनबेक चढला. बाउर्साकाचा डबा उघडला, एक तोडला आणि ठेवून दिला.

दिल्नाराची कार्यशाळा एका जुन्या इमारतीच्या तळघरात होती. दार उघडंच होतं. आत टेबलांवर उघड्या पेट्या, पंखे, वायरी, आणि मध्ये एक उंच, सडपातळ मुलगी, केस वायर बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधलेले.

"मी ओरिनबेक. बाल्काशहून."

दिल्नाराच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. "पण तुमचं मशीन तर गेलं."

"माहीत आहे. पोरी, एक फोन करता आला नाही?"

"मी करायचा? तुम्ही दिवसातून इतक्या वेळा करता, मला वाटलं आत्ता येईल तुमचा! काल पहिल्यांदाच आला नाही."

काल मोबाइल कुल्याशच्या ॲप्रनच्या खिशात होता. हे काही ओरिनबेकने सांगितलं नाही. तो एका खोक्यावर टेकला. दिल्नाराने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि न विचारता सांगायला लागली.

"सगळ्या चाचण्या पास झालं होतं, अगा. दुसऱ्या कुणाचं असतं तर पाठवूनही दिलं असतं. पण तुम्ही म्हणाला होतात, मध्येच अडखळायला नको. म्हणून तुमचाच विमानाचा प्रोग्राम घातला आणि उडवत बसले. तासभर छान. मग एकदम काळोख. परत उडवलं, परत तासाभराने काळोख. ग्राफिक कार्ड बदललं, मेमरी बदलली, काही नाही. शेवटी पॉवर सप्लाय धरला. गरम झाला की मान टाकायचा. नवा होता, दिसायला धडधाकट."

"म्हणजे मी हवेत असताना..."

"इंजिन बंद."

ओरिनबेकने चहाचा कप खाली ठेवला. नोकरीत असताना मेकॅनिकने "अजून नाही" म्हटलं की तो मुकाट्याने गवतावर बसायचा. आत रुग्ण असो नाहीतर मंत्री, मेकॅनिकला त्याने कधी घाई केली नव्हती. इतर वैमानिक घाई करायचे, शिव्याही द्यायचे, तो नाही. आणि या पोरीला त्याने उन्हाळाभर पिळून काढलं होतं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. मग विचारलं, "किती वेळ उडवलंस तू?"

"विचारू नका. कंटाळा आला. आणि मला उतरायला येत नाही. चढवते आणि सोडून देते. कुठेतरी जाऊन आपटतं."

"आपटतं?" ओरिनबेक ताठ बसला. "विमान आपटू देतेस?"

"मग काय करू?"

"दाखव."

कोपऱ्यात कुणा दुसऱ्या गिऱ्हाइकाचं मशीन चाचणीला लावलेलं होतं. दिल्नाराने त्यावर तोच प्रोग्राम सुरू केला. पेडलं नव्हती, एकच पडदा होता, दांडा खेळण्यातला होता. ओरिनबेक तिच्या मागे उभा राहिला. "वेग कमी कर. अजून. नाक खाली नको घालूस, जमिनीकडे बघू नकोस, लांब बघ. पट्टीच्या टोकाकडे. आता काही करू नकोस. म्हटलं ना, काही करू नकोस! त्याचं त्याला बसू दे."

विमान एकदा उसळलं, पुन्हा टेकलं, वाकडंतिकडं पळत गवतात जाऊन थांबलं. दिल्नाराने दोन्ही हात वर केले. बाजूच्या खोलीतून तिचे दोन कारागीर काय झालं ते बघायला धावत आले. "उतरले! जिवंत उतरले!" ती ओरडली.

"उतरलीस कसली, कोसळलीस," ओरिनबेक म्हणाला. "पण माणसं वाचली. पुन्हा कर."

गाडीची वेळ होईस्तोवर ते उतरतच होते.

स्टेशनवरून त्याने घरी फोन लावला. कुल्याशने लगेच उचलला.

"निघालो," तो म्हणाला. एरवी तेवढंच म्हणाला असता. आज पुढे म्हणाला, "गाडी वेळेवर आहे. डबा मधला आहे, खिडकी मिळालीय. शूला पोचलो की परत करतो. मध्ये रेंज नसते, तेव्हा घाबरू नकोस."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग कुल्याश म्हणाली, "तुला ऊन लागलंय का?"

परतीच्या वाटेवर त्याने खरोखर प्रत्येक मोठ्या स्टेशनातून फोन केला. शेवटच्या फोनवर ती वैतागली, "अरे, माझं दूध उतू जातंय!"

घरात शिरला तेव्हा पॅसेजमध्ये भलंमोठं खोकं पडलं होतं. रिकामं. तो चपला न काढता बाल्कनीत गेला. टेबलाखाली काळी पेटी बसलेली होती, वायरी मागे नीट एकत्र बांधलेल्या, तिन्ही पडदे जोडलेले.

"हे कुणी केलं?"

"कुरियरवाल्याने वर आणून दिलं. बाकी मी," कुल्याश म्हणाली. "तुझ्या त्या पोरीला फोन लावला, ती म्हणाली आधी आतला पॅकिंगचा फोम काढा. काढला."

"तू वायरी जोडल्यास?"

"मग टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी इतकी वर्षं काय भाजी निवडत होते? चालू मात्र केलेलं नाही. ते तू कर."

ओरिनबेकने हात धुतले. का कुणास ठाऊक, शर्टही बदलला. मग खुर्चीत बसून बटण दाबलं. आत पंखे हळूच फिरायला लागले. तिन्ही पडद्यांवर उजेड पसरला आणि थोड्या वेळाने बाल्काशची धावपट्टी समोर आली. कडेला कुणीतरी भलतीच झाडं लावली होती. तिथे झाडं कधीच नव्हती. ओरिनबेक त्यांना शिव्या देत पट्टीवरून धावला आणि वर उठला. डावीकडे तांब्याच्या कारखान्याच्या चिमण्या खाली गेल्या, मग सरोवर, आणि पलीकडे स्तेप. पिवळी, सपाट, कुठेही न अडखळणारी, क्षितिजापर्यंत.

त्याने दांडा सरळ धरून ठेवला. कुल्याश मागे दाराला टेकून उभी होती.

"तास्कुदुकला ने," ती अचानक म्हणाली.

तास्कुदुक म्हणजे तिच्या जन्माचं गाव, कोळ्यांची वस्ती. माशांचा कारखाना बंद पडल्यावर माणसं एकेक करून उठून गेली आणि घरांची लाकडंसुद्धा लोकांनी काढून नेली. ती लग्नानंतर एकदाच तिथे गेली होती.

"तिथे आता काही नाही, कुल्याश. पट्टीही नाही."

"मी उतर म्हटलं का?"

त्याने विमान वळवलं आणि सरोवराच्या काठाकाठाने निघाला. कुल्याशने स्वयंपाकघरातलं स्टूल आणून त्याच्या शेजारी ठेवलं. विमान कलंडलं की ती त्याची बाही धरायची, जणू पडेल. काठाला एक बाक आला, पाण्यात घुसलेली वाळूची जीभ आली, आणि तिने बोट दाखवलं.

"इथेच. खाली घे."

तो खाली गेला. वस्ती नव्हती. पण आकाशातून घेतलेल्या कुठल्यातरी फोटोवरून ही जमीन बनवलेली होती आणि जमिनीवर फिकट चौकोन उरले होते. भिंतींचे पाये, मेंढ्यांच्या वाड्याचं कडं, एक गोल ठिपका, त्याच्याकडे येणाऱ्या बारीक पायवाटा.

"विहीर," कुल्याश म्हणाली. तिने पडद्याला बोट लावलं. "हे काकाचं. हे आमचं, बघ, दोन खोल्या. इथे जाळी वाळत घालायचे, सगळीकडे वास. अजून खाली घे ना."

"याच्या खाली गेलो तर आपटू."

"मग फिरव. परत आण."

त्याने मोठी घिरटी घेतली आणि परत आणलं. पुन्हा घिरटी. ती एकेका चौकोनाला नाव देत होती आणि ओरिनबेक, जो इतकी वर्षं हिच्या माहेरावरून विमान घेऊन जात-येत राहिला होता, ती नावं पहिल्यांदाच ऐकत होता.

"डावीकडे वळव," कुल्याश म्हणाली. "शाळा राहिली."

ओरिनबेकने डावं पेडल दाबलं.